रोसिनीची भातुकली

१५ एप्रिल १८५७. पॅरिसमध्ये पासष्ट वर्षांच्या एका स्थूल माणसाने आपल्या बायकोला एक वही भेट दिली. तिच्या नावाच्या संताचा तो दिवस होता आणि तिकडे असा दिवस वाढदिवसासारखा साजरा होई. वहीत पियानोचा एक छोटा तुकडा होता आणि त्यामागे सहा छोटी गाणी. सहाही गाण्यांचे शब्द एकच, चाली मात्र सहा वेगवेगळ्या. सोबतच्या अर्पणपत्रिकेत त्याने लिहिलं होतं की माझ्या लांबलेल्या, भयंकर आजारपणात तू मायेने आणि डोकं लावून जी शुश्रूषा केलीस, तिची ही साधीशी पोच. जाता जाता डॉक्टर मंडळींनाही एक टोमणा मारला होता.

वहीचं नाव होतं ‘म्युझिक आनोदीन’. या फ्रेंच शब्दाला दोन अर्थ आहेत. एक, वेदना शमवणारं. दुसरा, निरुपद्रवी, फारसं महत्त्व नसलेलं. ही वही देणारा माणूस एके काळी युरोपातला सर्वांत गाजलेला संगीतकार होता आणि जवळजवळ अठ्ठावीस वर्षं त्याने एकही नवा ऑपेरा लिहिला नव्हता. नाव जोआकिनो रोसिनी, बायकोचं नाव ओलिंप पेलिसिए.

काही सुचत नाही, सुचलं तर आवडत नाही, आवडलं तर पुढे सरकत नाही, हा अनुभव गाणं करणाऱ्या प्रत्येकाला कधी ना कधी येतो. तुमच्या फोनमध्ये ‘नवीन १’, ‘नवीन २’, ‘नवीन २ फायनल’ अशा आठ-आठ सेकंदांच्या फाइली पडून असतील, तर तुम्हाला वेगळं सांगायला नको. अशा वेळी ‘जरा मजा म्हणून कर ना’ हा सल्ला हमखास मिळतो आणि तो ऐकून डोकं आणखी फिरतं. रोसिनीची गोष्ट या सल्ल्याची परीक्षा घ्यायला चांगली आहे. तो खेळला हे खरं. पण कधी, कसा आणि कुणासमोर खेळला, हे बारकाईने पाहावं लागतं.

आधी तो कुठून आला ते बघू. जन्म २९ फेब्रुवारी १७९२, इटलीतल्या पेझारो गावी. वडील तुतारीसारखी वाद्यं वाजवणारे, आई गायिका. पहिला ऑपेरा रंगमंचावर आला तो १८१० साली. तिथून १८२९ पर्यंत, म्हणजे एकोणीस वर्षांत, त्याच्या नावावर ३९ ऑपेरा जमा झाले. ‘बार्बर ऑफ सेव्हिल’ हा आजही जगभर चालणारा ऑपेरा त्याने १८१६ मध्ये तीनेक आठवड्यांत उरकला. त्याची प्रसिद्ध सुरुवातीची धून तर त्याने आधीच्या दोन ऑपेरांत वापरून झालेलीच पुन्हा लावली. तेव्हाच्या इटलीत ऑपेरा हा धंदा होता. नाटक कंपनीच्या मालकासारखा ठेकेदार तारीख ठरवायचा, गायक ठरवायचा आणि संगीतकाराच्या डोक्यावर बसायचा. तारीख टळली तर थिएटर रिकामं राहणार आणि पैसे बुडणार. अशा घाईत ‘मूड’ येण्याची वाट बघायला कुणाला सवड नव्हती.

मग ३ ऑगस्ट १८२९ रोजी पॅरिसमध्ये ‘विल्यम टेल’ रंगमंचावर आला. चार अंकांचं प्रचंड काम. रोसिनीचं वय ३७. त्यानंतर तो जवळजवळ चाळीस वर्षं जगला आणि एकही ऑपेरा लिहिला नाही.

का? याचं एक उत्तर देता येत नाही. १८२७ मध्ये आई गेली होती, तिचा तो अतिशय लाडका. १८३० च्या जुलै क्रांतीत फ्रान्सचा राजा दहावा शार्ल गादीवरून गेला आणि त्याच्या सरकारने रोसिनीशी केलेला पुढच्या ऑपेरांचा करारही गेला. ठरलेलं वर्षासन मिळवण्यासाठी काही वर्षं कोर्टकचेरीत गेली. ऐकणाऱ्यांची आवड बदलत होती. गायकांची जुनी, नाजूक गळ्याची परंपरा मागे पडत होती. पैसा पुरेसा साठला होता. एकोणीस वर्षं धावून माणूस दमलेलाही होता. त्यात मूत्रमार्गाचा जुना, त्रासदायक आजार आणि त्यावरचे त्याहून त्रासदायक उपचार. पुढे मनाचाही तोल ढळत गेला. यातलं एखादंच कारण उचलून ‘म्हणून तो थांबला’ असं सांगितलं की गोष्ट सोपी होते, पण खोटी होते.

तो अगदीच गप्प होता असंही नाही. १८३१ मध्ये माद्रिदच्या एका बड्या माणसासाठी त्याने ‘स्ताबात मातेर’ ही धार्मिक रचना सुरू केली. अर्ध्यावर पोचल्यावर कंबरदुखीने धरलं आणि उरलेला भाग त्याने मित्राकडून लिहून घेतला. तो भाग काढून स्वतःचा बसवायला त्याला जवळजवळ दहा वर्षं लागली. १८४२ मध्ये पॅरिसला ती रचना झाली तेव्हा लोकांनी डोक्यावर घेतली. यश मिळालं की गाडी पुन्हा सुरू होते असं आपण धरून चालतो. इथे झाली नाही.

सर्वांत वाईट काळ पुढेच होता. १८४८ नंतरची फ्लॉरेन्समधली वर्षं त्याने झोपेवाचून काढली. जेवणावर प्रेम करणाऱ्या या माणसाला अन्नाची चव लागेनाशी झाली. तो मरणाच्या गोष्टी बोलत असे आणि भेटायला येणारे घाबरून परतत. अखेर १८५५ मध्ये ओलिंप त्याला घेऊन पॅरिसला निघाली. तिथे नवे डॉक्टर, मग जर्मनीतल्या औषधी झऱ्यांची गावं, नियमित दिनक्रम, जुने मित्र. हळूहळू झोप आली, भूक आली. आणि मग, १८५७ च्या त्या एप्रिलमध्ये, ती वही.

हा क्रम महत्त्वाचा आहे. आधी शुश्रूषा, मग झोप, मग खेळ. गंमत म्हणून काहीतरी लिहून रोसिनी बरा झाला असं झालेलं नाही. थोडा बरा झाल्यावर त्याला गंमत करता आली. फ्लॉरेन्समध्ये झोपेवाचून तळमळणाऱ्या माणसाला ‘जरा मजा कर’ असं सांगणं हा निव्वळ क्रूरपणा ठरला असता.

*

आता त्या सहा गाण्यांच्या एकाच कवितेकडे येऊ. अठराव्या शतकातला इटालियन कवी मेतास्तासिओ याच्या त्या थोड्याशा ओळी. विषय, आपलं दुःख मुकाट सोसण्याचा. रोसिनीने त्या याच वेळी शोधून काढल्या नव्हत्या. त्या काळी बड्या घरांतून स्वाक्षरीच्या वह्या असत आणि संगीतकार भेटला की दोन ओळींची धून लिहून देण्याचा आग्रह होई. आजच्या सेल्फीसारखंच. ‘गप्प’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या त्या वर्षांत रोसिनी अशा वह्यांमध्ये पुन्हा पुन्हा याच ओळी घेई आणि दर वेळी नवी चाल लावी. अशा चाली कितीतरी आहेत.

म्हणजे मुकेपणाच्या ओळी घेऊन मुका झालेला माणूस वर्षानुवर्षं एक छोटा खेळ खेळत होता. शब्द कुठले घ्यायचे हा प्रश्न आधीच सुटलेला. लांबी एका पानाची. ऐकणार कोण, तर त्या वहीची मालकीण. ठेकेदार नाही, तारीख नाही, दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात परीक्षण नाही. मोठा रस्ता बंद होता, पण ही पाऊलवाट त्याने मोडू दिली नाही. १८५७ मध्ये तो परतला तो याच वाटेने.

त्यानंतरच्या अकरा वर्षांत त्याने जवळजवळ दीडशे तुकडे लिहिले. बहुतेक पियानोसाठी, काही गळ्यासाठी. त्यांना त्याने नाव दिलं ‘म्हातारपणची पापं’. या तुकड्यांची नावं वाचताना मला दर वेळी भातुकली आठवते. इवल्या चुली, इवली भांडी आणि भाताऐवजी चुरमुरे. रोसिनीच्या भातुकलीत जेवणाआधी चाखायच्या चार पदार्थांवर चार तुकडे आहेत: मुळा, खारवलेले मासे, काकडीचं लोणचं आणि लोणी. मग सुका मेवा: अंजीर, बदाम, मनुका, हेझलनट. त्यातल्या मनुका घरच्या पोपटाला अर्पण. एक आहे एरंडेलाचा छोटा वॉल्ट्झ. एक आचके देणारा, एक दमेकऱ्याचा रियाज, एक सकाळी आरोग्यासाठी वाजवायचा. एका संचाचं नावच ‘वहीसाठी काही फुटकळ गोष्टी’ अशा अर्थाचं.

नावं गमतीची असली तरी आतलं काम हलकं नाही. एका गाण्यात गायकाने सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकच सूर लावायचा. शब्द बदलतात, सूर तोच. खाली पियानो मात्र सतत सुरावटींचा रंग बदलत राहतो. आपण तानपुऱ्याचा स्थिर सूर खाली ठेवून वर गाणं फुलवतो, त्याच्या नेमकं उलटं. गाण्याचा विषय आहे जीवनाचा निरोप. नियम पोरकट वाटतो, पण ऐकताना घसा दाटून येतो, कारण तो एकच सूर हळूहळू हटवादी, मग थकलेला, मग शांत वाटू लागतो.

दुसरा खेळ ऑफेनबाखचा. पॅरिसमध्ये विनोदी ऑपेरा लिहिणारा हा संगीतकार ‘वाईट नजरेचा’ आहे अशी वदंता होती. इटलीत दृष्ट लागू नये म्हणून तर्जनी आणि करंगळी ताठ ठेवून बाकीची बोटं मिटतात. रॉक कॉन्सर्टमध्ये गर्दीत दिसते तीच खूण. रोसिनीने ऑफेनबाखच्या शैलीत एक तुकडा लिहिला आणि सांगितलं, हा याच दोन बोटांनी वाजवायचा. म्हणजे वाजवता वाजवता दृष्टही निघाली. हसू येतं, पण वाजवणाऱ्याच्या बाजूने बघा. सरावाच्या दहा बोटांची चलाख सवय एका फटक्यात काढून घेतली जाते. दोन बोटं जे करू शकतील तेवढंच उरतं.

आणि तिसरा, आगगाडीचा. रोसिनी एकदाच, १८३६ मध्ये, बेल्जियममध्ये आगगाडीत बसला आणि इतका धास्तावला की पुन्हा बसायचं नाव काढलं नाही. फ्लॉरेन्सहून पॅरिसला आजारपणातसुद्धा तो घोडागाडीने आला. याच भीतीवर त्याने पियानोचा एक प्रवास लिहिला आणि सुरांच्या मध्ये मध्ये निवेदन घातलं. घंटा होते, माणसं चढतात, सैतानी शिट्टी वाजते, स्टेशन येतं, गाडी पुन्हा निघते आणि रुळावरून घसरते. पहिला जखमी, दुसरा जखमी. पहिला मेलेला स्वर्गात जातो, सूर वर चढतात. दुसरा नरकात, सूर खाली घरंगळतात. मग अंत्ययात्रा. आणि शेवटी वारसांचा तीव्र शोक, ज्याची चाल चक्क आनंदी वॉल्ट्झची आहे! ज्याने या माणसाला खरोखर घाबरवलं, त्याचं त्याने खेळणं केलं. आगगाडीची भीती त्यामुळे गेली नाही, पण तिच्यापासून एक रचना मिळाली.

हे सगळं वाजायचं कुठे? डिसेंबर १८५८ पासून रोसिनीच्या घरी शनिवारी संध्याकाळी मैफल भरू लागली. पॅरिसमधल्या मोठमोठ्या लोकांची तिथे ये-जा असे. लिस्ट येऊन वाजवून गेला. रोसिनी स्वतःला चौथ्या दर्जाचा पियानोवादक म्हणवून घेई आणि ‘पापं’ चौथ्या दर्जाच्या वादकांना अर्पण केली असल्याचं सांगे. हे तुकडे त्याने हयातीत छापायला दिले नाहीत. प्रकाशक मागत होते, पैसेही मिळाले असते. पण छापलं की तुलना आली, ‘विल्यम टेलवाल्याचं नवं काय’ हा प्रश्न आला. वही घरात राहिली म्हणून मुळा मुळाच राहिला.

माझ्या मते या साऱ्याची किल्ली ‘चौथ्या दर्जा’त आहे. ३९ ऑपेरांचा रोसिनी कागदासमोर बसला की त्याला त्या रोसिनीशी स्पर्धा करावी लागत होती. चौथ्या दर्जाच्या वादकाला कुणाशीच स्पर्धा नव्हती. त्याने काम सोपं केलं नाही. हरण्याची किंमत कमी केली.

*

खेळ खेळत राहिला असता तरी गोष्ट गोड होती. पण १८६३ च्या उन्हाळ्यात, पासी इथल्या बंगल्यात, रोसिनीने एक मिस्सा लिहिला. नाव ठेवलं ‘छोटा गंभीर मिस्सा’. छोटा म्हणावा तर तो तासापेक्षा जास्त चालतो. वाद्यं फक्त दोन पियानो आणि एक हार्मोनियम. गायक बारा. पहिल्यांदा तो १४ मार्च १८६४ रोजी एका श्रीमंत स्नेह्याच्या घरी झाला. सोबत रोसिनीने देवाला उद्देशून एक मजकूर लिहिला आहे. त्यात तो विचारतो की हे पवित्र संगीत झालं की नुसतंच वाया गेलेलं. आणि कबूल करतो की आपला जन्म विनोदी ऑपेरासाठी, विद्या थोडी, थोडं काळीज, बस्स.

मिस्सा ऐकताना कळतं की भातुकली वाया गेली नव्हती. सुरुवातीला पियानो ठेका धरतो तो चर्चमध्ये शोभणारा नाही. थोडा आडवा, चालताना खडा टोचल्यासारखा. त्यावर आवाज येतात तेव्हा तो ठेका प्रार्थनेला खाली ओढत नाही, उलट तिच्यात माणसाची धाप भरतो. घरातली वाद्यं, मूठभर गळे, मोडके नियम, हे सगळं शनिवारच्या संध्याकाळींनी दिलेलं. ‘आता मी माझी महान धार्मिक रचना लिहितो’ असं म्हणून बसला असता तर त्याच्या हातून हे झालं असतं असं मला वाटत नाही. १३ नोव्हेंबर १८६८ ला तो गेला. ‘पापं’ मागे राहिली. १९१९ मध्ये रेस्पीगीने त्यातले तुकडे वाद्यवृंदासाठी बांधले आणि त्यावर लंडनमध्ये बॅले झाला: ‘ला बुटीक फांतास्क’, खेळण्यांच्या दुकानाची गोष्ट.

त्या शनिवारांना येणाऱ्यांत एक तरुण होता, कामीय सँ-साँस. एकदा त्याने बासरी आणि क्लॅरिनेटसाठी लिहिलेला तुकडा तिथे वाजला. रचना कुणाची हे आधी सांगितलं नव्हतं. पाहुण्यांनी ती यजमानाचीच समजून रोसिनीवर स्तुतीचा वर्षाव केला. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि मग शांतपणे सांगितलं, तुमचं म्हणणं बरोबर आहे, फक्त रचना या मुलाची आहे.

हाच मुलगा १८८६ मध्ये पन्नाशीचा नामवंत संगीतकार होता. जर्मनीचा दौरा फसला होता. वॅग्नरविषयी तो जे बोलला होता त्यावरून तिथले लोक चिडले होते आणि काही कार्यक्रम रद्द झाले होते. लंडनसाठी एक मोठी सिंफनी लिहायची होती. ऑस्ट्रियातल्या एका खेड्यात विसावा घेताना त्याने ती बाजूला सारून कार्निव्हलच्या सणासाठी प्राण्यांची जत्रा लिहायला घेतली. प्रकाशकांना कळवलं की खरं तर सिंफनी करायला हवी, पण यात फार मजा येते आहे. त्या जत्रेत ऑफेनबाखचा धावता नाच कासवाच्या गतीने चालतो. प्राण्यांच्या रांगेत पियानो शिकणारी माणसंही येतात आणि सा-रे-ग-म सारखं घोकत बसतात. जीवाश्मांच्या तुकड्यात सँ-साँसने स्वतःची एक जुनी रचना पुरली आणि तिच्याशेजारी ‘बार्बर ऑफ सेव्हिल’मधली धूनही. जुन्या यजमानाला केलेला हा नमस्कारच. ९ मार्चला मित्रमंडळींत हे वाजलं. १९ मेला लंडनमध्ये त्याची तिसरी सिंफनी झाली, जी त्याची सर्वांत भव्य रचना मानली जाते. जत्रेने सिंफनी लिहून घेतली असं म्हणायला पुरावा नाही. तिने सिंफनीचा खोळंबा केला नाही, एवढं तारखा सांगतात. आणि सँ-साँसनेही रोसिनीसारखंच केलं: ‘हंस’ हा एक तुकडा सोडून जत्रा हयातीत छापू दिली नाही. ती १९२२ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर, निघाली. आज तो सर्वाधिक ओळखला जातो तो तिच्यामुळे.

‘मुद्दाम चौथ्या दर्जाचं व्हायचं’ ही युक्ती पुढे स्टुडिओतही आली. १९७५ मध्ये ब्रायन ईनो आणि चित्रकार पीटर श्मिट यांनी अडलेल्या कलाकारासाठी पत्त्यांचा एक जोड छापला. एक पत्ता ओढायचा आणि त्यावरची विचित्र सूचना पाळायची. ईनोसोबत काम करताना डेव्हिड बोवीने १९७९ च्या ‘लॉजर’ अल्बममधल्या एका गाण्यासाठी वादकांची वाद्यं बदलली. गिटारवाला कार्लोस आलोमार ड्रम्सवर, ड्रमवाला डेनिस डेव्हिस बेसवर. कसलेले वादक अचानक गॅरेजमधली पोरं झाली. बेस नंतर निर्मात्याला पुन्हा वाजवावा लागला. ड्रम्स मात्र तसेच ठेवले. खेळातून निघालेलं सगळं सोनं नसतं, हेही त्या गाण्यात नोंदलेलं आहे.

मग त्या आठ सेकंदांच्या फाइलींचं काय करायचं? रोसिनीकडून घेण्यासारखं जे आहे ते फार साधं आहे. एक गोष्ट आधीच ठरवून टाका: तेच शब्द, एकच सूर, दोनच बोटं. एका माणसासाठी करा, ज्याचं नाव तुम्हाला माहीत आहे. आणि ते कुठेही अपलोड करू नका. सगळ्यांत अवघड हेच शेवटचं आहे. आपल्या पिढीने खेळसुद्धा दाखवायला खेळायची सवय लावून घेतली आहे. भातुकलीचा फोटो काढून टाकला की लगेच लाइक मोजले जातात, आणि मग तो मुळा, मुळा राहत नाही.

आणि जर झोपच येत नसेल, चवच लागत नसेल, तर आधी ओलिंप शोधा, डॉक्टर शोधा. गाणं थांबेल. रोसिनीचं अठ्ठावीस वर्षं थांबलं होतं. परत आलं ते सहा छोट्या चालींच्या रूपात, बायकोच्या सणाला दिलेल्या एका वहीत.